बंद करा, चालू करा

आमच्या दादाला सगळं गाव पेंटर म्हणतं. भिंती रंगवणारा पेंटर नव्हे, पाट्या रंगवणारा. औषधाच्या दुकानावर, वकिलाच्या दारावर, शाळेच्या कमानीवर, जिथे म्हणून चार अक्षरं लिहायची असतील तिथे शिडी लावून हा चढायचा. मी त्याची धाकटी बहीण. जन्मभर इस्पितळात नर्स म्हणून राबले, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि वहिनी गेल्यावर माझं बोचकं उचलून त्याच्याकडे राहायला आले. तेव्हापासून दोन खोल्यांत आम्ही दोघं एकमेकांच्या चुका काढत सुखाने राहतो.

सुखाने म्हणजे, पोटाला कमी नाही एवढंच. दादाचं काम आधीच गेलं होतं. फ्लेक्सची मशीन आली आणि सकाळी सांगितलेली पाटी दुपारी टांगून मिळायला लागली. सगळ्या गावाचा चेहरा एकसारखा झाला. न्हावी आणि बँक, दोघांचं अक्षर तेच. दादाने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. ब्रश रॉकेलमध्ये धुतले, फडक्यात बांधले आणि माळ्यावर टाकले. मीच फ्लेक्सवाल्यांना येता-जाता शिव्या घालायचे. कुणीतरी घालायला हव्यात ना.

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. मला कुणी सांगायची गरज पडली नाही, त्याच्या कपातला चहा बघून मला कळलं. ओढत डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या मिळाल्या. वाढणं लांबेल, जाणार मात्र नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी येताना दादाने मला रस्त्यातच थांबवलं.

"बाळ्याला सांगायचं नाही."

"का?"

"उगाच धावत येईल."

धावत येईल! बाळ्या म्हणजे त्याचा एकुलता एक मुलगा. मला जीव की प्राण, पण धावत येण्याचा आणि त्याचा संबंध शाळेतल्या शर्यतीतच काय तो आला असेल. दूरच्या शहरात तो कॉम्प्युटरचं काम करतो. यायचं म्हटलं की त्याचं काहीतरी निघतं. पण दादाने शब्द घेतला आणि मी दिला.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला तो बाळ्याचा जुना. आणून टेबलावर मांडला आणि दिवसभर बसून त्यात काय काय भरलं. कचरा झाडणारं एक, जाहिराती अडवणारं एक, पासवर्ड लक्षात ठेवणारं एक, फोनमधले फोटो भरले की ते आपणहून कॉम्प्युटरात आणून फोन रिकामा करणारं एक, कागदाचा फोटो काढला की त्याची साफ प्रत बनवणारं एक. घरात दोन म्हातारी माणसं आणि त्यांच्या दिमतीला एवढे नोकर. मी म्हटलं, यातलं एखादं भांडी घासतं का? बाळ्या हसला. चांगला मुलगा आहे, हसतो मनापासून.

या सगळ्या फौजेत एक होतं, ते लावलं की बाळ्याला त्याच्या घरी बसून आमचा कॉम्प्युटर चालवता येई. आमची स्क्रीन त्याला तिकडे दिसायची आणि त्याने तिकडे माऊस हलवला की इकडे आमचा बाण हलायचा. पहिल्यांदा काहीतरी खरोखरच अडलं, दादाने फोन केला, आणि बाण कुणी हात न लावता सरसर चालायला लागला. दादा बनियनवर बसला होता. तो उठला, आत गेला आणि शर्ट घालून आला.

"अरे, त्याला फक्त स्क्रीन दिसते. तू नाही दिसत," मी म्हटलं.

"असू दे," तो म्हणाला आणि बटणं लावत खुर्ची पुढे ओढून बसला.

बाण इकडे जाई, तिकडे जाई, खिडक्या उघडी, मिटवी. दादा त्या बाणाकडे असा बघत बसला होता, जसा एखादा बाप पोराला पहिल्यांदा सायकल चालवताना बघतो. दुरुस्ती चुटकीसरशी झाली. पण फोन चालूच होता, त्यामुळे जेवलास का, खोकला गेला का, तुझ्या बायकोची पाठ कशी आहे, असं सगळं बोलून झालं. एरवी बाळ्याचा फोन म्हणजे 'बाबा, बरे आहात ना, ठेवतो'. बाण हलत असला की मात्र त्याला बोलायला वेळ असायचा. हात कामात असले की माणसाची जीभ सुटते, हे मी वॉर्डात पुष्कळ पाहिलं आहे.

त्यानंतर आमचा कॉम्प्युटर वरचेवर बिघडायला लागला. आज आवाज गेला, उद्या छपाई होईना, परवा खालची पट्टी उभी होऊन बाजूला जाऊन बसली. एवढं काय होतंय म्हणून एका दुपारी मी पडद्याआडून पाहिलं, तर आमचे थोरले बंधू जिभेचं टोक दाताखाली धरून, स्वतःच्या हाताने, एकेक करून स्क्रीनवरची चित्रं पुसत होते. पुसून झाल्यावर फोन उचलला.

"बाळ्या, अरे बघ ना, सगळं गायबच झालं."

मी मिठाची गुळणी धरली. औषध कुठलंही असो, लागू पडतंय तोवर बंद करू नये.

पण बाळ्याच्या डोक्याला ताप व्हायला लागला होता. त्याने नोकरी सोडली होती आणि स्वतःचं ऑफिस काढायच्या खटपटीत होता. धंदा हाच, घरोघरच्या साध्या माणसांचे कॉम्प्युटर दुरून नीट करून द्यायचे. परक्यांच्या आईबापांची दुखणी काढायला हा बसणार, आणि घरचा म्हातारा रोज नवं दुखणं काढून बसणार. त्याच्या आवाजात चीड यायला लागली. दादाला ती ऐकू यायची नाही. मला यायची.

ऑफिसची बातमी ऐकली त्या दिवसापासून दादाच्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं होतं. इंटरनेटवर फिरता फिरता त्याला एक फुकटचं साधन सापडलं होतं. आपल्या हाताने काढलेल्या अक्षराचा फोटो त्यात टाकायचा, अक्षराच्या कडेने ठिपके मांडत जायचे, ठिपके जुळले की ते अक्षर कॉम्प्युटर शिकतो. अशी सगळी अक्षरं शिकवली की झालं. मग कुणीही कळा दाबाव्यात, उमटणार पेंटरचं अक्षर.

"बाळ्याच्या ऑफिसची पाटी," दादा मला म्हणाला. "माझ्या अक्षरात. तो नुसतं टाईप करेल आणि पाटी तयार."

"मग त्याला सांग की तसं. नाहीतर तो दुसरीकडून करून घेईल."

"सांगून काय मजा? पूर्ण करतो आणि पाठवतो. तोंड बघायला हवं त्याचं."

हात तर थरथरत होता, ब्रश धरायची सोय नव्हती. त्याने आपली युक्ती काढली होती. माऊसने ठिपका कसाबसा जागेच्या आसपास टाकायचा आणि मग कीबोर्डवरच्या बाणांच्या कळा एकेक दाबत तो केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवायचा. कळ दाबायला स्थिर हात लागत नाही, धीर लागतो. तो त्याच्याकडे होता. माझ्याकडे नसल्यामुळे मी शेजारी बसून भाजी निवडायचे आणि मधूनमधून 'वाकडं दिसतंय' म्हणायचे. घरातल्या जुन्या फोटोंत मागे कुठेकुठे त्याच्या पाट्या दिसत होत्या, त्यांवरून त्याने सुरुवातीचे काही स्वर करून घेतले होते. अजून सगळंच व्हायचं होतं.

आणि त्याच सुमारास एका रविवारी बाळ्याने आपणहून फोन केला. दादा हरखून गेला, शर्ट घालायला धावला. फोन मोठ्याने लावून टेबलावर ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, आज कायमचाच इलाज करून टाकतो. एक भारी गोष्ट बसवतोय. आता तुम्ही काहीही करा, काहीही पुसा, हलवा, बिघडवा. बंद करा, चालू करा. की कॉम्प्युटर परत आज जसा आहे तस्साच."

"म्हणजे तुला यावं लागणार नाही?"

"अजिबात नाही! तेच तर. मला फोन करायचीसुद्धा गरज नाही."

बाण स्क्रीनवर भराभर चालत होता.

"एक सांगा," बाळ्या म्हणाला, "यात तुमचं स्वतःचं काही आहे का? काही लिहिलंय, साठवलंय, रोज काही करता असं? असेल तर ते वेगळं ठेवावं लागेल."

दादाने माझ्याकडे बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे मिचकावले. गुपित फुटता फुटता वाचल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

"माझं काय असणार रे यात?" तो म्हणाला. "सगळं तूच भरलेलं."

'वेगळं ठेवावं लागेल' याचा अर्थ आम्हा दोघांनाही ओ की ठो कळला नाही. आणि तो समजून घ्यायला बाळ्याने तिथे तेवढा वेळ थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. बाण गेला, फोनही गेला.

दुसऱ्या दिवशी दादाने सवयीने चित्रं पुसली आणि फोन लावला. "बंद करून चालू करा बाबा," एवढं बोलून बाळ्याने ठेवून दिला. दादाने बंद केला, चालू केला. सगळी चित्रं आपापल्या जागी हजर. तो त्या स्क्रीनकडे बघत राहिला आणि मला म्हणाला, "फारच हुशार आहे आपला पोरगा." त्याच्या आवाजात अभिमान होता. दुसरं जे काही होतं, त्याची मला इतकी चीड आली की मी उठून कपडे वाळत घालायला गेले.

फोन येईनासे झाले. दादाने मग स्वतःला अक्षरांत गाडून घेतलं. आणि तेवढ्यात बाजारपेठेच्या रस्त्याची बातमी आली. तिथल्या सगळ्या दुकानांना एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या पाट्या बसणार होत्या. दादाच्या उरल्यासुरल्या पाट्या त्याच रस्त्यावर होत्या. चष्मेवाल्याची, छत्रीवाल्याची, घड्याळजीची, दोरखंडाच्या दुकानाची. त्याच्या हाताच्या ऐन उमेदीतल्या. त्याने पायात चपला अडकवल्या, मला म्हणाला, "चल."

आम्ही दोघं फोन घेऊन तो सगळा रस्ता फिरलो. दादाच्या हातात फोन हलायचा, फोटो पुसट यायचे, म्हणून फोटो मी काढायचे आणि तो हुकूम सोडायचा. जवळ जा. खाली वाक. 'ळ' पूर्ण घे, शेपूट कापू नकोस. घड्याळजीच्या पाटीसमोर तो बराच वेळ उभा राहिला. "हा 'ज्ञ' मी एका दमात ओढला होता," म्हणाला. "ब्रश उचललाच नव्हता." घड्याळजी आतून बाहेर आला आणि म्हणाला, पेंटर, ही पाटी उतरवल्यावर तुला देऊ का? दादा म्हणाला, कुठे ठेवू एवढं धूड, दोन खोल्या आहेत, फोटो पुरे. पाट्या उतरल्या. पत्रा भंगारात गेला, लाकूड कुणाच्या बंबात गेलं. फोन भरला तेव्हा त्या शहाण्या साधनाने सगळे फोटो कॉम्प्युटरात नेऊन ठेवले आणि फोन रिकामा करून दिला. जसं बाळ्याने शिकवलं होतं, अगदी तसं.

पुढचे दोन-अडीच महिने माझा भाऊ जितका खूश होता तितका मी त्याला वहिनी गेल्यापासून पाहिला नव्हता. सकाळी आंघोळ, चहा, गोळी आणि लगेच टेबल. ठिपका केसभर इकडे, केसभर तिकडे. कॉम्प्युटर तो कधी पुरता बंद करायचाच नाही. नुसता झोपवायचा. "बंद केला की उठताना फार कण्हतो, माझ्यासारखा," म्हणायचा. व्यंजनं झाली, काने-मात्रे झाले, वेलांट्यांनी मात्र त्याच्या नाकी नऊ आणले. मग जोडाक्षरं. एक दिवस त्याने मला हाक मारली, कळा दाबल्या आणि स्क्रीनवर माझं नाव आलं. त्याच्या अक्षरात. जसं तो चाळीस वर्षांपूर्वी शिडीवर उभा राहून लिहायचा, भरदार, तिरकं, पोटात हवा असलेलं. मी म्हटलं, "बरं आहे." तो म्हणाला, "बरं? अगं बरं काय, दे टाळी." मी टाळी दिली.

थोडंच उरलं होतं. आकडे आणि विरामचिन्हं. बाळ्याच्या ऑफिसचं उद्घाटन पुढच्या आठवड्यात होतं. त्या दुपारी कॉम्प्युटर अडकला. खरोखर अडकला. बाण जागचा हलेना, कळा दाबून काही होईना.

"बाळ्याला फोन लाव," मी म्हटलं.

"नको. उद्घाटनाच्या गडबडीत असेल. त्याने सांगून ठेवलंय ना आपल्याला." आणि त्याने बटण दाबून धरलं.

कॉम्प्युटर कण्हत उठला. सगळी चित्रं आपापल्या जागी होती. दादाने स्क्रीनवरचं अक्षरांचं खोकं, म्हणजे फोल्डर, उघडलं. आत सुरुवातीचे काही स्वर होते, बाळ्याने ती भारी गोष्ट बसवली त्या रविवारी होते तेवढेच. पुढे काही नाही. बाजारपेठेच्या फोटोंचं खोकं कुठेच नव्हतं.

"लोड व्हायचं असेल अजून," तो म्हणाला. आम्ही थांबलो. मग त्याने पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. तेच स्वर. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पोराने दिलेला इलाज होता, त्यावर त्याचा विश्वास होता. चौथ्यांदा का पाचव्यांदा तो बटणाकडे हात न्यायला लागला तेव्हा मी तो हात धरला.

त्याने आदळआपट केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. खुर्ची खिडकीकडे वळवून तो बसून राहिला. मी जेवायला वाढलं, तो जेवला. मी गोळी दिली, त्याने घेतली. "बाळ्याला सांगू नकोस," एवढंच म्हणाला. या वेळी मी शब्द दिला नाही. खालच्या दारापाशी जाऊन मी फोन लावला आणि जे काही तोंडात आलं ते सगळं बोलले. अक्षरं, पाटी, बाजारपेठ, रोजचं ते ठिपके सरकवणं, सगळं. हाताचं मात्र नाही बोलले. तो शब्द आधीचा होता.

बाळ्याने पलीकडे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण आत्या, मी विचारलं होतं त्यांना. तूही होतीस. यात तुमचं काही आहे का, असं मी स्पष्ट विचारलं होतं."

विचारलं होतं. अक्षरशः हेच शब्द. इस्पितळात आम्ही पेशंटची सही घ्यायचो, तशी त्याने बापाच्या तोंडून 'नाही' घेतली होती आणि आता ती दाखवत होता. त्याचं बोलणं शंभर टक्के खरं होतं, आणि त्या खरेपणाचा मला संताप आला.

"बघतो मी," तो म्हणाला. "पुसलेलं शोधून काढणारी साधनं असतात. तू कॉम्प्युटरपाशी जा, मी येतोच."

येतोच म्हणजे बाण येतोच. मी वर पोचले तोवर बाळ्याने दादाला फोन केला होता आणि तो शर्ट घालून टेबलापाशी बसला होता. फोन टेबलावर. बाण संध्याकाळभर स्क्रीनवर हिंडत होता. एक साधन आणलं, चालवलं. दुसरं आणलं, चालवलं. हिरव्या पट्ट्या सावकाश भरत होत्या. खोक्यांत खोकी उघडत होती. मधूनमधून बाळ्या बोलत होता, आणि आवाजात चीड नव्हती, खरंच नव्हती. "बाबा, तुम्ही एवढं करत होतात आणि मला बोललाही नाहीत?" दादा म्हणाला, "अरे, वेळ घालवायला काहीतरी." खोकला विचारून झाला, सुनेची पाठ विचारून झाली. किती दिवसांनी ते दोघं इतका वेळ बोलत होते. आणि मी तिथे उभी राहून देवाला नाही नाही ते बोलत होते.

"नाही मिळत, बाबा," शेवटी बाळ्या म्हणाला. "ज्या जागेवर होतं ती जागाच दर वेळी पुन्हा लिहिली गेलीय. तुम्ही तीन-चारदा चालू-बंद केलात ना, त्याने उरलंसुरलंही गेलं."

"बरं."

"पण काही बिघडलं नाही हो. हात तर तुमचाच आहे ना? परत काढा. आता कागदावर काढा, फोटो पाठवा, पुढचं मी करतो. उद्घाटनाला फ्लेक्स लावून टाकतो तात्पुरता. तुमची पाटी झाली की बदलू."

"हो, काढतो की," दादा म्हणाला.

"आणि आता ठेवायचं कुठे ते नीट शिकवतो. हे वेगळं खोकं बघा, यातलं कधीच जाणार नाही. माऊस घ्या हातात. तुम्हीच उघडून बघा, म्हणजे लक्षात राहील."

दादाने माऊस धरला. त्या दिवशी त्याने गोळी वेळेवर घेतली होती, तरी हात ऐकायला तयार नव्हता. बाण त्या खोक्याच्या भोवती थरथरत फिरायला लागला. डावीकडे उडाला, खाली घसरला, पुन्हा वर आला. दादाने दुसऱ्या हाताने मनगट आवळून धरलं. बाण तरी थरथरतच होता.

"बाबा," बाळ्या म्हणाला, "तुमचा माऊस गेलाय वाटतं. बाण बघा कसा थरथरतोय! सांगायचं नाही का? कॉम्प्युटर यानेच अडकला असेल आज. थांबा, नवीन पाठवतो. चांगला पाठवतो."

मी तोंड उघडलं. दादाने माझं मनगट घट्ट पकडलं, त्याच हाताने, आणि ती थरथर माझ्या हातात चढली. मी तोंड मिटलं.

माऊस उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी आला. बिनवायरचा, वजनदार, महागातला दिसत होता. सकाळी फोनवर ऑफिसच्या दाराचा फोटोही आला होता. त्यावर फ्लेक्स होता, न्हाव्याचं आणि बँकेचं असतं त्याच अक्षरातला. दादाने तो फोटो मोठा करून बघितला आणि "टांगलाय सरळ" एवढंच म्हणाला. मग माऊसचं खोकं फोडलं. मी जोडून दिला. त्याने हात ठेवला, बाण पूर्वीसारखाच थरथरायला लागला, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"पोचला ना माऊस? बघू, मी येतो आत."

दादाने पटकन माऊसवरून हात काढला आणि दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये दाबून धरले. स्क्रीनवरचा बाण मधोमध उभा राहिला.

"हां, दिसतोय," पलीकडून बाळ्या म्हणाला. "एकदम स्थिर! बघा, म्हटलं नव्हतं? माऊसच होता."

"हो रे," दादा म्हणाला. "माऊसच होता."